पाठ केलेले तीन हजार शब्द ऐन वेळी दगा का देतात?

प्रश्न : मी करवीर तालुक्यातला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर बी.कॉम. सध्या राजारामपुरीत अभ्यासिकेत बसून स्टाफ सिलेक्शनच्या सीजीएल या केंद्र सरकारी नोकऱ्यांच्या परीक्षेची तयारी करतोय. इंग्रजी समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांची तीन हजारांची यादी आठ महिन्यांत दोनदा पाठ केली. तरी पेपरात शेवटी दोन पर्यायांत अडकतो आणि नेमका चुकीचा धरतो. मध्यंतरी एका खासगी नोकरीच्या मुलाखतीत 'आमची तालीम कुस्तीसाठी नोटोरियस आहे' असं इंग्रजीत बोललो, तर समोरचे हसले. यादीत 'फेमस'पुढे हाच शब्द होता. माझं चुकतंय कुठं? रोज किती शब्द करावेत? आणि इंग्रजी पेपर वाचायचा कंटाळा येतो, तो वाचलाच पाहिजे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या मेहनतीत खोट नाही, खोट त्या यादीच्या रचनेत आहे. 'फेमस'पुढे बरोबरचं चिन्ह आणि मग 'रिनाउन्ड', 'एमिनंट', 'नोटोरियस' असं ओळीनं छापलं की वाचणाऱ्याला वाटतं, चारही शब्द एकाच मापाचे. तसं नसतं. 'नोटोरियस' म्हणजे वाईट गोष्टीसाठी गाजलेला, आपला 'कुप्रसिद्ध'. गुंड नोटोरियस असतो, रोज वाहतूक तुंबणारा चौक नोटोरियस असतो. तालमीला तो शब्द लावला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मारामाऱ्याच येणार. तुम्हाला म्हणायचं होतं 'रिनाउन्ड' किंवा साधं 'वेल-नोन'. 'एमिनंट'ही तिथं बसला नसता, कारण तो आपल्या क्षेत्रात मोठा मान मिळवलेल्या माणसाला लावतात : एमिनंट सर्जन, एमिनंट हिस्टोरियन.

मराठीत हे तुम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. वारले, निधन झालं, मेला, खपला, गचकला, या सगळ्यांचा अर्थ एकच. पण शेजारच्या घरी भेटायला गेल्यावर 'आजोबा कधी खपले?' असं तुमच्या तोंडून चुकूनही जाणार नाही. हे भान वीस-बावीस वर्षं कानांवर पडून आलंय. इंग्रजी तेवढी कानांवर पडली नाही, म्हणून तेच भान एकेका शब्दासाठी मुद्दाम कमवावं लागतं. प्रगत शब्दसंग्रह म्हणजे आमच्या मते मुख्यतः हेच काम आहे. दोन शब्द कुठपर्यंत बरोबर चालतात आणि कुठून वाटा फुटतात, ते शिकायचं. यादीत फक्त साम्य मिळतं. परीक्षेत आणि मुलाखतीत कस लागतो तो फरकाचा, म्हणून शेवटच्या दोन पर्यायांशी तुमची गाडी अडते.

इंग्रजीत एकाच गोष्टीला इतके शब्द का, हे एकदा कळलं की निम्मा गोंधळ कमी होतो. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन शतकं तरी दरबारात नि कोर्टकचेरीत फ्रेंच चालली. शेतात आणि चुलीपाशी जुनी इंग्रजी राहिली. त्यावर विद्वानांनी लॅटिनमधून शब्द आणले तो तिसरा थर. म्हणून 'आस्क', 'क्वेश्चन' आणि 'इंटरॉगेट' असे तीन मजले दिसतात : नुसतं विचारणं, प्रश्न करणं आणि पोलिसांनी समोर बसवून केलेली चौकशी. आपल्याकडेही 'पाऊस' आणि 'पर्जन्य' दोन्ही आहेत. 'पर्जन्यमान' सरकारी अहवालात शोभतं, पण छत्री शोधताना 'पर्जन्य पडतोय' असं कुणी म्हणत नाही. ढोबळ नियम म्हणून धरा : छोटा, जुना इंग्रजी शब्द बोलायचा आणि लांब फ्रेंच-लॅटिन शब्द लिहायचा. मुलाखतीत 'बाय' ऐवजी 'परचेस', 'बिगिन' ऐवजी 'कमेन्स' पेरत बसू नका. समोरच्याला ते अवघडलेलं वाटतं.

आता एक कुटुंब जवळून बघू, म्हणजे फरक शिकायचा म्हणजे नेमकं काय करायचं ते दिसेल. जास्त बोलणारी आणि कमी बोलणारी माणसं घ्या. हे शब्द या परीक्षांत वारंवार दिसतात.

'टॉकेटिव्ह' हा रोजचा, साधा शब्द : बोलका, बडबड्या. 'लोक्वेशस' म्हणजे जवळपास तेच, पण लिखाणातला, भारदस्त. 'गॅर्युलस' म्हणजे नको त्या गोष्टीचं लांबण लावून ऐकणाऱ्याला कंटाळा आणणारा. आपला 'वाचाळ' त्याच्या जवळ जातो आणि त्यात नापसंती आहेच. 'व्होल्युबल' म्हणजे न अडखळता भराभर बोलणारा, त्यात दोष असेलच असं नाही. 'वर्बोज' वेगळा आहे. एका वाक्यात होणारं काम चार वाक्यांत करणारं भाषण किंवा लिखाण म्हणजे वर्बोज, आपला 'पाल्हाळिक'. 'एलोक्वंट' ही मात्र शुद्ध स्तुती, वक्तृत्व असलेला.

समोरच्या बाजूला 'रिझर्व्ह्ड', म्हणजे हातचं राखून वागणारा. 'टॅसिटर्न' स्वभावानंच अबोल, थोडा घुम्या. 'रेटिसंट' म्हणजे मनातलं सांगायला नाखूश. एरवी तो गप्पा मारेल, पण पगाराचा विषय काढलात की गप्प. म्हणून त्याच्यामागे बहुधा 'अबाउट' येतं. 'टर्स' म्हणजे मोजकं, काटछाट केलेलं. 'कर्ट' म्हणजे तेच, पण तुसडं आणि समोरच्याला लागेलसं. 'लॅकोनिक' म्हणजे मोजकं पण मार्मिक. हा शब्द ग्रीसमधल्या लॅकोनिया प्रांतावरून आला, तिथलं मुख्य शहर स्पार्टा. मॅसेडोनियाच्या फिलिप राजानं धमकी पाठवली की मी लॅकोनियात घुसलो तर तुमचं शहर जमीनदोस्त करीन. स्पार्टानं एका शब्दात उत्तर दिलं, असं सांगतात : 'इफ'. घुसलास 'तर'! हा एक शब्द लक्षात ठेवलात की 'लॅकोनिक' विसरणार नाही.

आता पेपरात विचारलं, 'वर्बोज'चा विरुद्धार्थी शब्द कोणता, आणि पर्यायांत 'टॅसिटर्न' आणि 'कन्साइज' (थोडक्यात मांडलेलं) दोन्ही आहेत. यादी पाठ केलेला मुलगा म्हणतो, वर्बोज म्हणजे जास्त बोलणारा, टॅसिटर्न म्हणजे कमी बोलणारा, झालं. पण 'वर्बोज' प्रामुख्यानं भाषेचं वर्णन करतो आणि 'टॅसिटर्न' माणसाच्या स्वभावाचं. भाषेच्या वर्णनाला उलटा शब्द भाषेच्याच वर्णनाचा हवा, म्हणून 'कन्साइज'. 'टॅसिटर्न'ची जोडी 'गॅर्युलस' किंवा 'लोक्वेशस'शी. तुम्ही अडकता ते बहुतेक असल्याच ठिकाणी.

या कुटुंबात आपण एक गोष्ट सहज करत गेलो, ती तुमच्या अभ्यासात नियम म्हणून यायला हवी. इंग्रजी शब्दापुढे कोशातला पहिला मराठी अर्थ न लिहिता त्याच छटेचा मराठी शब्द शोधून लिहा. 'फ्रूगल' म्हणजे काटकसरी, 'स्टिंजी' म्हणजे चिक्कू, 'मायझर' म्हणजे कवडीचुंबक. पैकी काटकसरी म्हणवून घ्यायला कुणाची हरकत नसते. पलीकडे 'जेनरस' म्हणजे उदार आणि 'एक्स्ट्रॅव्हॅगंट' म्हणजे उधळ्या. आता बघा, 'फ्रूगल'चा विरुद्धार्थी 'एक्स्ट्रॅव्हॅगंट', कारण दोन्ही शब्द स्वतःच्या खर्चाबद्दल बोलतात. 'स्टिंजी'चा विरुद्धार्थी 'जेनरस', कारण तिथं प्रश्न दुसऱ्याला देण्याचा आहे. मराठी छटा बरोबर लिहिली असेल तर विरुद्धार्थी शब्द आपसूक सापडतो. 'लाज' या एका शब्दाखाली मात्र सावध राहा. चूक केल्याची शरम म्हणजे 'अशेम्ड', चारचौघांत ओशाळणं म्हणजे 'एम्बॅरस्ड', मुळातला बुजरेपणा म्हणजे 'शाय'. तिन्हींपुढे 'लाजणे' लिहून ठेवलंत तर तिन्ही शब्द वाया गेले.

छटेनंतरचा दुसरा फरक तीव्रतेचा. थंडीची शिडी लावा : 'कूल', 'चिली', 'कोल्ड', 'फ्रीझिंग'. समोर उष्णतेची : 'वॉर्म', 'हॉट', 'स्कॉर्चिंग'. विरुद्धार्थी शब्द त्याच उंचीच्या पायरीवरचा घ्यायचा असतो. 'कूल'ला 'वॉर्म', 'कोल्ड'ला 'हॉट', 'फ्रीझिंग'ला 'स्कॉर्चिंग'. तसंच 'स्मॉल'ला 'लार्ज', पण 'टायनी'ला 'ह्यूज'. टोकाच्या पायरीवरच्या शब्दांना 'व्हेरी' लागत नाही. 'व्हेरी फ्रीझिंग' कानाला खटकतं, तिथं 'ॲब्सोल्यूटली' लावतात. वाक्यातली चूक शोधायच्या प्रश्नातही याचा उपयोग होतो.

तिसरा फरक सोबतीचा, म्हणजे कोणता शब्द कुणाबरोबर नांदतो. चहा 'स्ट्राँग' असतो, 'पॉवरफुल' नसतो. पाऊस 'हेवी' पडतो, 'स्ट्राँग' पडत नाही. वारा मात्र 'स्ट्राँग' असतो. इमारत 'टॉल' आणि डोंगर 'हाय'. याला कारण विचारू नका. आपण जेवण 'करतो', चहा 'घेतो' आणि शपथ 'खातो', त्यालाही कारण नाही. शब्द एकटा कधीच लिहू नका, त्याच्या सोबत्यासकट लिहा.

विरुद्धार्थी शब्दांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण यादीत सर्वांत जास्त नासधूस त्यांचीच होते. शब्दाला विरुद्धार्थी नसतो, शब्दाच्या एकेका अर्थाला असतो. तांबडा रस्सा समोर आला आणि कुणी म्हणालं 'इट इज हॉट', तर त्याचा अर्थ काय? वाफाळता असेल तर उलट 'कोल्ड'. घाम फुटेल इतका तिखट असेल तर उलट 'माइल्ड'. पांढरा रस्सा चुलीवरून नुकता उतरलेला असला तरी तांबड्याच्या मानानं 'माइल्ड'च असतो. तसंच 'ओल्ड'ला माणसाच्या बाबतीत 'यंग' आणि चपलेच्या बाबतीत 'न्यू', 'लाइट'ला वजनात 'हेवी' आणि रंगात 'डार्क', 'हार्ड'ला कधी 'सॉफ्ट' तर कधी 'ईझी'. तुमच्या यादीत एका शब्दापुढे एकच विरुद्धार्थी शब्द असेल तर यादीनं अर्थ आधीच परस्पर ठरवून टाकलाय. पेपरात शब्द वाक्यात दिला असेल, तर आधी तो तिथं कोणत्या अर्थानं आलाय ते बघा.

मराठी भाषकांची नेहमीची एक चूक इथंच सांगतो. आपण पैसे उसने देतो आणि उसने घेतो; 'उसने' तेच राहतं, क्रियापद बदलतं. इंग्रजीत शब्दच बदलतो : देणारा 'लेंड' करतो, घेणारा 'बॉरो' करतो. म्हणून 'कॅन यू बॉरो मी युवर पेन' असं वाक्य तोंडात येतं.

उपसर्ग लावून केलेले विरुद्धार्थी शब्द सोपे वाटतात, आणि बरेचसे असतातही. 'इन' हा लॅटिन उपसर्ग प, ब, म यांच्या आधी 'इम' होतो, ल च्या आधी 'इल' आणि र च्या आधी 'इर' : इम्पॉसिबल, इम्मॅच्युअर, इल्लीगल, इर्रेग्युलर. शाळेतली व्यंजनसंधी आठवा. उत् अधिक लेख म्हणजे उल्लेख. पुढच्या वर्णाशी जुळवून घ्यायची जिभेची खोड दोन्हीकडे सारखीच. जुना इंग्रजी उपसर्ग 'अन' मात्र कधी बदलत नाही, म्हणून अनलॉफुल, अनरिअल, अनपॉप्युलर.

पण पाच-सहा शब्द इथं सापळा लावून बसलेले आहेत. पेट्रोलच्या टँकरमागे 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं असतं. ते 'फ्लेमेबल'च्या उलट नाही, दोन्हींचा अर्थ पटकन पेटणारं असाच आहे, उलट 'नॉन-फ्लेमेबल'. 'इन्व्हॅल्युएबल' म्हणजे आपलं 'अमूल्य'. 'अ' लागला म्हणून अमूल्यचा अर्थ बिनकिमतीचं होत नाही, तसंच हे. उलट 'वर्थलेस'. 'इन्फेमस' म्हणजे अप्रसिद्ध नव्हे, तो तुमच्या 'नोटोरियस'चा भाऊ. त्याचा उच्चारही 'इन्फमस'च्या जवळचा आहे. 'इनडिफरंट' म्हणजे 'सारखा' असा अर्थ नाही, उदासीन असा आहे. आणि 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे स्वतःचा स्वार्थ गुंतलेला नसलेला, निःपक्षपाती. ज्याला रसच नाही तो 'अनइंटरेस्टेड'. न्यायाधीश डिसइंटरेस्टेड हवा, अनइंटरेस्टेड नको.

आता रोजच्या कामाकडे येऊ. पहिलं म्हणजे यादी बाजूला ठेवायच्या आधी तिची परीक्षा घ्या. कुठलेही पन्नास शब्द निवडा आणि पंचवीस मिनिटांत प्रत्येकाचं एक वाक्य लिहा. ज्यांचं वाक्य न अडखळता जमलं ते तुमचे झाले. ज्यांचा अर्थ आठवला पण वाक्य सुचलं नाही ते अर्धवट. बाकीचे कोरे. पुढचे दोन महिने काम फक्त अर्धवट शब्दांवर करायचं. त्यांच्यावर आठ महिन्यांची मेहनत आधीच झालेली आहे, थोडक्यात हाताशी येतील. कोऱ्यांना नंतर हात लावा. त्याबरोबर, न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अभ्यासाच्या इंग्रजीत वारंवार येणारी ५७० शब्दकुटुंबं (म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची रूपं) निवडून काढली आहेत, ती इंटरनेटवर फुकट मिळतात. त्यातला एकही शब्द अनोळखी राहता कामा नये. उताऱ्यावरच्या प्रश्नांत दुर्मीळ शब्दांपेक्षा हेच जास्त भेटतात.

रोज किती, तर नवीन सहा; पहिल्या दोन महिन्यांत हे सहाही अर्धवट शब्दांतलेच. त्याहून जास्त नाही. आठवड्यातले पाच दिवस नवीन शब्द, सहाव्या दिवशी फक्त उजळणी, सातव्या दिवशी त्या आठवड्यातले निदान बारा शब्द वापरून एक पान लिखाण. आठवड्याला तीस, सव्वीस आठवड्यांत ७८०. तीन हजारांपुढे आकडा लहान वाटेल, पण हे शब्द हातात असतील.

वही नको, कार्डं करा. वहीत शब्दांचा क्रम ठरलेला असतो आणि मेंदू त्या क्रमाच्या आधारानं आठवतो. क्रम मोडला की शब्द हरवतो. झेरॉक्सच्या दुकानात ए-फोर आकाराची जाड कार्डशीट मिळते, एकीचे आठ तुकडे करा. शंभर शीटमध्ये सहा महिन्यांचं काम भागतं. कार्डाच्या पुढच्या बाजूला शब्द लिहू नका, गाळलेली जागा असलेलं वाक्य लिहा. 'रेटिसंट'साठी समजा : 'ही चॅट्स अबाउट क्रिकेट ऑल डे, बट ही इज (रिकामी जागा) अबाउट हिज सॅलरी.' मागच्या बाजूला पाच गोष्टी : शब्द, त्याच छटेचा मराठी शब्द, स्तुती असेल तर अधिक, निंदा असेल तर उणे आणि तटस्थ असेल तर शून्य, सोबती शब्द ('अबाउट'), आणि या अर्थाचा विरुद्धार्थी ('फोर्थकमिंग', म्हणजे मोकळेपणानं माहिती देणारा). कार्डावर इंग्रजी सगळं रोमन लिपीतच लिहा. देवनागरीत 'एमिनंट' आणि 'इमिनंट' एका अक्षराच्या फरकानं चुकतात, आणि एक आहे मान्यवर, तर दुसरं आता घडेल अशा बेतात असलेलं.

छटा खात्रीनं कळण्यासाठी 'लर्नर्स डिक्शनरी' या प्रकारचा शब्दकोश वापरा. शिकणाऱ्यांसाठी केलेल्या या कोशांत शब्दापुढे 'फॉर्मल', 'इन्फॉर्मल', 'अप्रूव्हिंग', 'डिसअप्रूव्हिंग' असे शिक्के असतात. 'डिसअप्रूव्हिंग' दिसलं की कार्डावर उणे. असे कोश मोबाइलवर फुकट बघता येतात आणि उच्चारही ऐकवतात, तो प्रत्येक वेळी ऐका. थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, मात्र सुरुवातीला उघडू नका. तो शब्द माहीत असलेल्याला आठवण करून देतो, माहीत नसलेल्याला फसवतो.

उजळणीसाठी सेबास्टियन लाइटनर यांची खोक्याची पद्धत वापरा. चपलेचा रिकामा खोका घ्या, पुठ्ठ्याचे चार आडोसे लावून पाच कप्पे करा. पहिल्या कप्प्यातली कार्डं रोज, दुसऱ्यातली तीन दिवसांनी, तिसऱ्यातली आठवड्यानं, चौथ्यातली पंधरवड्यानं, पाचव्यातली महिन्यानं. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की कितव्याही कप्प्यातलं असो, थेट पहिल्यात. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून विसरण्याचं मोजमाप केलं आणि १८८५ साली छापलं. विसरणं सुरुवातीला झपाट्यानं होतं, मग मंदावतं, असं त्यात दिसलं. कप्प्यांमधलं अंतर वाढत जातं ते यासाठी. तुम्ही यादी दोनदा पाठ केलीत, पण एकेका शब्दाच्या दोन भेटींत चार महिने गेले. दुसऱ्या भेटीपर्यंत पहिलीचं फारसं काही उरलं नव्हतं.

या कामाला रोज अर्धा तास पुरतो. एखाद्या दिवशी साठच्या वर कार्डं बघायची वेळ आली तर तीन दिवस नवीन शब्द थांबवा. तिथं रेटलं की माणूस उजळणी टाळायला लागतो आणि खोका कपाटावर जातो.

एक गोष्ट कटाक्षानं पाळा, आणि ती तुमच्या यादीच्या अगदी उलट आहे : जवळचे दोन शब्द एकाच दिवशी शिकू नका. 'रेटिसंट' आणि 'टॅसिटर्न' सोमवारी बरोबर शिकलात तर महिनाभरानं दोन्ही आठवतील, पण कोणता कोणाचा अर्थ हे आठवणार नाही. विरुद्धार्थी जोडीचंही तसंच. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनीही याबद्दल सावध केलं आहे. म्हणून आधी एक शब्द पक्का करा. त्याचं कार्ड तिसऱ्या कप्प्यात पोचलं की मगच त्याचा सख्खा शेजारी घ्या. त्या वेळी दोन्ही कार्डं समोर ठेवा, एकाचं वाक्य दुसऱ्याच्या रिकाम्या जागेत घालून बघा आणि कुठं बसतं, कुठं खटकतं ते मागे एका ओळीत लिहा. विरुद्धार्थी शब्द मागच्या बाजूला नोंदवलेला असतोच, पण त्याचं स्वतःचं कार्ड असंच मागाहून येऊ दे.

इंग्रजी पेपर वाचलाच पाहिजे का? हो, पण पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत नाही. कंटाळा येतो तो बातमीही अनोळखी आणि शब्दही अनोळखी म्हणून. तेव्हा ज्या बातमीचा मजकूर तुम्हाला आधीच ठाऊक आहे तीच इंग्रजीत वाचा. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात सगळ्यांचं लक्ष पंचगंगा नदीच्या राजाराम बंधाऱ्यावरच्या पाण्याच्या पातळीकडे असतं. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. ती बातमी आधी मराठीत वाचा, मग इंग्रजीत. नदी फुगली म्हणजे 'स्वेल', शेतं-वस्ती पाण्याखाली गेली म्हणजे 'इनंडेट', बंधारा पूर्ण बुडाला म्हणजे 'सबमर्ज', माणसं पाण्यानं वेढली गेली म्हणजे 'मरून'. पाणी ओसरलं यासाठी 'रिसीड' आणि 'सबसाइड' दोन्ही येतात, पण 'रिसीड'मध्ये पाणी मागे सरकतं, 'सबसाइड'मध्ये पातळी किंवा जोर उतरतो, म्हणून ताप आणि रागही 'सबसाइड' होतात. लोकांना हलवलं म्हणजे 'इव्हॅक्युएट'. भाड्याची खोली रिकामी केली तर 'व्हेकेट'. एका बातमीत सात-आठ शब्द, सोबत्यांसकट आणि डोळ्यांपुढच्या चित्रासकट मिळाले. रोज अशी एक बातमी, वीस मिनिटं, बस्स. पाऊस नसेल तेव्हा ऊसदर, फुटबॉल, जे तुम्हाला आवडतं ते.

परीक्षेच्या पेपरातल्या गुणांच्या गणिताचंही सांगतो. सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, चुकल्यास अर्धा गुण वजा. चार पर्यायांतून डोळे मिटून ठोकलं तर सरासरी हाती लागतो आठवा हिस्सा गुण, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. एक पर्याय खात्रीनं बाद केलात तर तोच आकडा एक तृतीयांश गुणावर जातो, दोन बाद केलेत तर पाऊण गुणावर. म्हणून शब्द पूर्ण माहीत नसला तरी छटेवरून बाद करायला शिका. दिलेला शब्द स्तुतीचा असेल तर समानार्थीसाठी निंदेचे पर्याय आधी काटा. मग शब्दाची जात बघा. विशेषणाला विशेषणच हवं. उरलेल्या दोघांत पायरी आणि सोबती तपासा. आणि प्रश्नात 'सिनोनिम' विचारलाय की 'ॲन्टोनिम' हे बोट ठेवून वाचा. घाईत विरुद्धार्थीच्या प्रश्नाला समानार्थी शब्द समोर दिसतो, ओळखीचा वाटतो आणि त्यावरच खूण होते. पेपर काढणारे तो मुद्दाम ठेवतात.

सुरुवात तुमच्या तालमीपासूनच करा. पहिल्या कार्डाच्या पुढच्या बाजूला लिहा : 'द क्रॉसिंग इज (रिकामी जागा) फॉर ट्रॅफिक जॅम्स.' मागे 'नोटोरियस', कुप्रसिद्ध, उणे, सोबत 'फॉर', उलट 'रेप्युटेबल'. ते तिसऱ्या कप्प्यात गेलं की दुसरं कार्ड करा 'रिनाउन्ड'चं, आणि त्यावर मुलाखतीतलं तेच वाक्य दुरुस्त करून लिहा.